दोन साक्षीदार हवेत

४ जून, सोमवार

व्हिसाच्या एजंटबाईंचा अ‍ॅडलेडहून फोन. बाकी कागद ठीक आहेत म्हणाल्या, फक्त दोन साक्षीदार हवेत. इथलेच नागरिक. 'आम्ही या दोघांना जोडपं म्हणून ओळखतो' असं शपथेवर लिहून देणारे.

फक्त दोन!

स्टॅनर्ड बेमध्ये चारशे माणसं आहेत आणि चारशेच्या चारशे आम्हाला ओळखतात — कझिन म्हणून. शेडमधल्या बोर्डावर रोजचं काम लिहितात तिथे आमची नावंसुद्धा नसतात. 'रांग सात ते अकरा — कझिन्स.' एवढंच.

दोष माझाच. पाच वर्षांपूर्वी इथे कालवांच्या कामाला लागलो, त्या दिवशी मालकीण ग्लेनिसने खोलीची किल्ली पुढे करत विचारलं, "भाऊ भाऊ का रे तुम्ही?" आडनावं वेगळी, भाऊ कसं म्हणणार? मी म्हणालो, "कझिन." चेंगने माझ्याकडे पाहिलं आणि किल्ली घेतली. तैवानात ही थाप चाललीच नसती. मामेभाऊ की चुलतभाऊ, मामा सख्खा की लांबचा, लगेच उलटतपासणी सुरू झाली असती. इंग्रजीत एकच शब्द, त्यात सगळे खपतात. आणि एकदा खपलं की मग काय, घरमालकाच्या करारावर कझिन, चेंगच्या कॉलेजच्या फॉर्मवर कझिन. आपल्याच हाताने पायावर धोंडा मारून घेतला आणि वर पाच वर्षं तो जपला.

चेंगचा विद्यार्थी व्हिसा १४ सप्टेंबरला संपतो. मला कायमचा परवाना आहे, माझ्या आधारावर त्याला मिळू शकतो. जोडीदार म्हणून. मामेभाऊ म्हणून नाही. शंभर दिवस आहेत. करून दाखवीन.

५ जून

चेंगला सांगितलं. "बघू," म्हणाला. त्याचं 'बघू' म्हणजे काय ते मला नऊ वर्षांत कळलेलं नाही.

९ जून, शनिवार

पुरावे जमवतोय. एजंटबाईंना फोटो हवेत — "एकत्र, सहज, वेगवेगळ्या वर्षांतले." पाच वर्षांतले सगळे काढून जेवणाच्या टेबलावर मांडले. प्रत्येक फोटोत आमच्यामध्ये एक माणूस बसेल एवढी जागा! धक्क्यावर, ख्रिसमसला, ग्लेनिसच्या नवऱ्याच्या, डेनिसच्या वाढदिवसाला — सगळीकडे तीच जागा. कुणी शिकवलं नव्हतं, आपोआप पडायची. एका फोटोत चेंग झोपलाय आणि मी तो काढलाय, पण त्यात मी नाही, म्हणून तो चालणार नाही.

चेंग भांडी घासत होता. टेबलाकडे बघून म्हणाला, "छान. अगदी कझिन दिसतो." मला हसू आलं नाही. त्यालाही नव्हतंच आलं.

दुपारी त्याला धक्क्यावर नेऊन नवीन फोटो काढले. खांद्यावर हात ठेवला तर तो इकडेतिकडे बघायला लागला. सतरा काढले. दोन चालतील.

१८ जून, सोमवार

आज ड्रॅगन बोटीचा सण. चेंगने चिकट भाताच्या पुड्या केल्या. इथे बांबूची पानं मिळत नाहीत, कुठून तरी वाळकी मागवून भिजत घातली होती. त्याच्या कॉलेजातला स्वयंपाकाचा कोर्स वाया गेलेला नाही हे कबूल करायला हवं.

त्याच्या आईचा व्हिडिओ फोन. तैवानात चिआयी शहरात तिचं न्याहारीचं दुकान आहे. मागे तवा, तव्यावर अंड्याचे पोळे, गिऱ्हाईक ओरडतंय. मी तिच्या लेखी 'खोलीवरचा मित्र'. "आ-रेन, नीट जेवतोस ना? हा माझा मुलगा तुला छळत नाही ना? पोरगी बघा आता दोघंही, म्हातारे व्हाल." मी हो हो केलं.

मग चेंग म्हणाला, "आई, फोन जरा तव्याजवळ धर." तिने धरला. तो डोळे मिटून चर्र चर्र ऐकत बसला, चांगली पाच मिनिटं. मी म्हटलं, वेळ जातोय, अजून फॉर्मचं तिसरं पान भरायचंय. त्याने फोन ठेवला आणि येऊन बसला. तिसरं पान झालं.

२७ जून

चेंगचं म्हणणं — आधी तो आईशी बोलणार. मग ग्लेनिसला सांगायचं. मग गावाला. "जुलै संपेपर्यंत थांब." मी हो म्हणालो. वचन दिलं म्हटलं तरी चालेल.

३ जुलै, मंगळवार

सांगून टाकलं.

ठरवून नाही. सकाळी ओहोटीला मी आणि ग्लेनिस सातव्या रांगेवर होतो, गुडघाभर पाण्यात. ती टोपली उचलते, मी खालचं शेवाळ झाडतो आणि उलटी करून परत अडकवतो. साठी उलटली तरी तिचा हात माझ्यापेक्षा भरभर चालतो. मध्येच म्हणाली, "चेंगचं कॉलेज संपतंय ना? तो जाणार तर मला दुसरा माणूस बघायला हवा. एक जण विचारून गेलाय."

दुसरा माणूस! माझ्या तोंडून निघून गेलं, "तो माझा कझिन नाही."

तिने टोपली खाली ठेवली नाही. "मग कोण?"

"जोडीदार. नऊ वर्षं झाली."

टोपलीतून पाणी गळत होतं. मग म्हणाली, "डेनिस गेला तेव्हा तुम्ही दोघं चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसला होतात. माझ्या शेजारी. मी सगळ्यांना सांगत होते, हे माझे कझिन्स."

"हो."

"मी तुला कधी खोटं सांगितलंय, बॉब?" (आ-रेन इथे कुणाच्या जिभेला जमत नाही, म्हणून मी बॉब.)

"नाही."

"तुझ्या परवान्याच्या कागदांवर सह्या कुणी केल्या?"

"तू."

"मग मी तुला तसली बाई वाटले?"

"तसली म्हणजे?"

"जिच्यापासून लपवावं लागतं, तसली."

तोंडात मारल्यासारखं झालं. तिला तशी कधीच समजलो नव्हतो. पहिल्या दिवशी थाप मारली आणि मग परत सांगायला जागाच सापडली नाही. हेच तिला सांगितलं. ती म्हणाली, "जागा? पाच वर्षं रोज माझ्यासमोर उभा असतोस."

साक्षीचं विचारलं. पाणी गुडघ्याच्या वर यायला लागलं होतं, थांबणं शक्य नव्हतं. तर म्हणते, "मी तुम्हाला जोडपं म्हणून ओळखते असं शपथेवर लिहू? मी तुम्हाला जोडपं म्हणून पाच मिनिटं ओळखते."

४ जुलै

आज जे झालं ते नीट लिहून ठेवायला हवं.

ग्लेनिसने सकाळी बोर्ड पुसला. 'कझिन्स' काढलं आणि आमची दोन नावं लिहिली. कुणी तरी विचारलं, का? ग्लेनिसला आडून बोलता येत नाही. तिने सांगितलं. कुणी काही वाईट बोललं नाही. कालवं आकाराप्रमाणे निवडणारं मशीन चालू झालं, कामं सुरू झाली. मला वाटलं, एवढंच होतं तर!

पण पॅकिंगला पै-शान असते. चिआयीची. तिची मावशी चेंगच्या आईच्या दुकानात रोज सकाळी सोयाबीनचं दूध प्यायला जाते. हे मला माहीत होतं. ग्लेनिसला सांगताना आठवलं नाही. आठवलं असतं तरी थांबलो असतो का, देव जाणे.

दुपारी चेंग कॉलेजहून आला तोवर त्याच्या आईचे तीन फोन येऊन गेले होते. तो शेडमध्ये आला, बोर्ड वाचला, हातमोजे परत काढून ठेवले. आमच्या भाषेत, हळू आवाजात म्हणाला, "रविवारी बोलणार होतो मी तिच्याशी." बस्स.

संध्याकाळी बोटीवरच्या आंतेच्या अंगणातल्या कॅरव्हॅनमध्ये राहायला गेला. पातेलं आणि सुरी घेऊन गेला, कपडे नाही.

५ जुलै

तेच बरोबर होतं. पद्धत चुकली, पण गोष्ट बरोबर होती.

६ जुलै

पद्धत चुकली.

१२ जुलै, गुरुवार

दुसरा साक्षीदार आंते. क्रोएशियाचा, चाळीस वर्षं बोटीवर, इथला नागरिक. चेंग त्याच्याकडेच असल्यामुळे जायला लाज वाटत होती, पण व्हिसा माझ्या लाजेसाठी थांबणार नाही. चेंग कॉलेजला गेल्याची वेळ साधून गेलो.

आंतेने कागद आधीच लिहून ठेवला होता! 'मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं की हे दोघं जोडपं आहेत.'

"खरंच माहीत होतं?"

"छे. पण लिहायला काय जातं?"

"ही शपथ आहे, आंते. ग्लेनिस शेवटी लिहायला तयार झालीय, आणि ती खरंच लिहिणार. दोन कागद एकमेकांशी भांडतील."

"आता सत्यवादी झालास! पाच वर्षं कुठे होतास?" शिव्या घालत कागद फाडला आणि दुसरा घेतला. लिहिता लिहिता सांगत होता, तरुणपणी बोटीवर त्याने बायकोची ओळख बहीण म्हणून करून दिली होती, म्हणजे खलाशी जपून वागतील. "झालं उलटंच. तिघांनी लग्नाची मागणी घातली." आणि मग म्हणाला, "तुझा चेंग रोज सकाळी मला अंड्याचा पोळा करून घालतो. हात काय आहे त्याचा! दुकान टाकायला हवं त्याने."

"टाकेल की इथे," मी म्हणालो.

आंतेने माझ्याकडे पाहिलं आणि सही केली.

२० जुलै

ग्लेनिसचा कागद आला. इथे उतरवून ठेवतो.

'मी या दोघांना पाच वर्षं कझिन म्हणून ओळखते आणि ३ जुलैपासून जोडपं म्हणून. पाच वर्षांत मी जे पाहिलं त्यात काही बदल झालेला नाही. एक जण आजारी असला की दुसरा कालवं चुकीच्या टोपलीत टाकतो. एकाचा डबा दुसरा उघडतो, न विचारता. माझा नवरा गेला तेव्हा दोघंही माझ्याबरोबर रडले, आणि मग ते एकमेकांना ज्या तऱ्हेने सावरत होते ते पाहून मला वाटलं, कझिन असावेत तर असे. तेवढी एक गोष्ट माझी चुकली. बाकी बरोबर पाहिलं होतं.'

तीनदा वाचला. एजंटबाईंना फोनवर वाचून दाखवला. म्हणाल्या, "अशी साक्ष मी आजवर बघितली नाही. पण हिच्यावर कोण अविश्वास दाखवेल?"

दोन साक्षीदार झाले. फक्त चेंग नाही.

८ ऑगस्ट, बुधवार

चेंग परत आला! पातेल्यासकट. आल्या आल्या कालवं सोलायला बसला. रताळ्याच्या पिठात घोळून अंडं घालून तव्यावर टाकली, तांबडी चटणी वर. माझे वडील आमच्या गावी तराफ्यांवर कालवं काढतात, लहानपणी मी हे इतकं खाल्लंय की तोंड फिरवायचो. आज दोन थाळ्या खाल्ल्या.

आईशी बोलणं झालं त्याचं. महिनाभर ती फोन घेत नव्हती. काल स्वतःहून केला. ओरडली नाही. रडलीसुद्धा नाही. म्हणाली, "दुकान पाचला उघडतं, सहापर्यंत सगळ्या गिऱ्हाइकांना कळलं होतं. एक म्हातारा म्हणाला, पोळा नेहमीसारखाच आहे ना, मग झालं." मग म्हणाली, "हात कमी पडतात रे आता."

मी म्हणालो, बघ, सगळं सुरळीत होतंय. माझी माफीही मागून झाली. त्याने केली असावी माफ. मान हलवली.

१८ ऑगस्ट, शनिवार

क्लबात फुटबॉलवाल्यांचं जेवण. पहिल्यांदाच जोडीने गेलो. चेंग 'नको' म्हणत होता, मी पटवलं — गावाने पाहिलेलं बरं, अर्जाला उपयोगी. आंतेने शेजारी दोन खुर्च्या धरून ठेवल्या होत्या. मधे जागा न सोडता बसलो.

समोरचा एक जण, वाईट हेतू नव्हता त्याचा, बिअर घेऊन हसत म्हणाला, "मग तुमच्यात घर कोण चालवतो?"

"ठरवतो तो," चेंग म्हणाला. "भांडी मी घासतो."

टेबल खदखदा हसलं. मीही हसलो. घरी येताना गाडीत चेंग बाहेर बघत बसला होता. दमला असेल.

२ सप्टेंबर, रविवार

अर्ज तयार. फोटो, करार, विजेची बिलं, दोन्ही शपथपत्रं, माझं निवेदन आठ पानी. फक्त चेंगचं निवेदन राहिलंय. कसे भेटलात — लिहिलंय, अर्धं पान, सुंदर लिहिलंय, मला माहीत नव्हतं की तैपेईच्या ज्या दवाखान्यात आम्ही भेटलो तिथे त्याने आधी माझ्या चपला पाहिल्या होत्या. घरकाम कसं वाटून घेता — लिहिलंय. 'पुढचे बेत' — कोरं.

मीच पेन्सिलीने लिहून दिलं. 'स्टॅनर्ड बेमध्ये घर घेणार. चेंग छोटं खाद्यपदार्थांचं दुकान काढणार.' वरून शाई फिरवायची, एवढंच काम.

६ सप्टेंबर

अजून पेन्सिलच. आठ दिवस राहिले.

९ सप्टेंबर, रविवार

पेन्सिल खोडलेली. कागद पातळ होईपर्यंत खोडलाय.

मी भडकलो. धक्क्यावर गाठलं त्याला, भर दुपारी, पेलिकनांसमोर. म्हणालो, तीन महिने मर मर मरतोय मी, गावभर फिरलो, ग्लेनिसपुढे नाक घासलं, सगळं तुझ्यासाठी!

तो शांतपणे म्हणाला, "खोटं बोलायचं ते तूच ठरवलंस. खरं बोलायचं तेही तूच ठरवलंस. मी किल्ली घेतली फक्त."

"मग काय करायला हवं होतं मी? तुला जाऊ द्यायला हवं होतं?"

"विचारायला हवं होतं."

मी म्हणालो, शंभर वेळा बोललो असेन याच्यावर. तो म्हणाला, "बोललास. ते खरं."

घरी येऊन ही वही जूनपासून वाचून काढली. त्याला खोटं ठरवायला म्हणून काढली, खरं सांगायचं तर. साक्षीचं मी ग्लेनिसला विचारलंय. आंतेला विचारलंय. चेंगला सांगितलंय, थांबवलंय, पटवलंय, फोटोसाठी उभं केलंय. तुला राहायचंय का, हे एकाही पानावर नाही. नऊ वर्षांत कधी तरी विचारलं असेन म्हणून आठवत बसलो. ऑस्ट्रेलियाला येतानाही तिकिटं आधी काढली होती.

बैल गेला आणि झोपा केला म्हणतात ते हेच.

१० सप्टेंबर, सोमवार

सकाळी तो चहा ओतत होता तेव्हा विचारलं. "चेंग, तुला इथे राहायचंय?"

"नाही," तो म्हणाला. चहा सांडला नाही, काही नाही. जसं कुणी साखर हवी का विचारावं. "दोन वर्षं झाली हे डोक्यात आहे. मला घरी जायचंय. दुकान चालवायचंय. आई म्हातारी होतेय, पण म्हणून नाही. मला तो तवा हवाय."

"सांगितलं का नाहीस?"

"तू किती जोरात होतास." मग म्हणाला, "तू ये ना. आता आईला माहीत आहे. वरची खोली आहे."

पहिल्यांदा त्याने मला विचारलं, आणि मी लगेच हो म्हणणार होतो. तोंड उघडलंही. पण परत तेच झालं असतं — आधी बोलायचं, मग पाच वर्षं ते जपायचं. म्हणून विचार करून उत्तर दिलं, दिवसभर काम करून, पंधरा रांगा उलट्या करून. माझ्या वडिलांना आठ वर्षांपूर्वी कळलं आणि त्यांनी सांगितलं, नव्या वर्षाला घरी येऊ नकोस. त्या बेटावर मी कुणाच्या तरी घरी लपलेला मित्र असतो. इथे मी बॉब आहे, आणि आता बोर्डावर माझं नाव आहे. मला हे पाणी आवडतं. मला इथे राहायचंय.

हे त्याला तसंच्या तसं सांगितलं. तो रडला, मीही. नऊ वर्षांत एकमेकांशी इतकं खरं कधी बोललो नव्हतो, आणि त्याचा उपयोग काय, तर हा.

एजंटबाईंना कळवलं, अर्ज भरणार नाही. त्या म्हणाल्या, "अहो, पण तुमची साक्ष किती चांगली होती!"

११ सप्टेंबर

ग्लेनिसला दोघांनी मिळून सांगितलं. तिने चेंगला मिठी मारली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "तो कागद मी खोटा लिहिलेला नाही. ठेव जपून."

१३ सप्टेंबर, गुरुवार

पोर्ट लिंकनचा विमानतळ. सकाळचं विमान. काउंटरवरच्या बाईने पासपोर्ट उघडता उघडता विचारलं, "दोघं बरोबर का?"

"नाही, मी एकटाच," चेंग म्हणाला. स्पष्ट, मागच्या रांगेला ऐकू जाईल असं. "हा माझा नवरा. सोडायला आलाय."

बाईने मान वर न करता बॅगेला चिठ्ठी लावली.